संदेश पाठवला म्हणजे पोचला असं नाही



गेले काही महिने बेंगळुरू, हैदराबाद, इंदूर, बडोदा, अगदी गुरुग्राममधूनही एकच मागणी येते आहे. "सर, आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहोत. आमच्या कामाला उपयोगी पडेल असं फौजेतलं काही सांगा."

आधीच कबूल करतो, मला प्रोग्रामिंग येत नाही. मी सिग्नल्सचा माणूस. नोकरीची बरीचशी वर्षं वायरलेस सेट, केबल आणि टेलिफोन एक्स्चेंज सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर सिकंदराबादला स्थायिक झालो. सॉफ्टवेअरवाल्यांना मी काय सांगणार, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर माझ्या लेकीने दिलं.

ती बेंगळुरूला एका कंपनीत आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. गेल्या वर्षी एका शुक्रवारी रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "बाबा, जागे आहात?" आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय.

तिच्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. एक चाचणीच्या यंत्रणेची, दुसरी खऱ्या, ग्राहक वापरत असलेल्या यंत्रणेची. सकाळी नऊपासून ती काम करत होती. जुनी माहिती पुसण्याची आज्ञा चाचणीवर द्यायची होती, ती खऱ्या यंत्रणेवर दिली गेली. ग्राहकांच्या ऑर्डरी गेल्या. रोज रात्री बॅकअप घेतला जात होता, दीड वर्षापासून. तिने तो उघडला, तर फाइल जवळजवळ रिकामी.

"कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"अजून नाही. सकाळपर्यंत मीच काहीतरी जुळवते."

मी म्हटलं, "फोन ठेव. आधी तुझ्या वरिष्ठांना सांग. मग मला कर, कितीही वाजले तरी."

तिने सांगितलं. पाच जण रात्रीच कामाला लागले. दुसऱ्या एका गटाने अहवालासाठी बुधवारी माहितीची एक प्रत काढून ठेवली होती, त्यातून बरंचसं परत मिळालं. उरलेलं रविवार संध्याकाळपर्यंत हाताने भरावं लागलं. सोमवारी लेक म्हणाली, "बाबा, मी राजीनामा देते. हे काम माझ्यासारख्या मूर्ख मुलीचं नाही."

पुढच्या शनिवारी ती घरी आली, तेव्हा पस्तीस वर्षांत घरात कधी न सांगितलेली एक गोष्ट मी तिला सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

पाचवी चौकी

१९८०च्या दशकाचा शेवट. मी कॅप्टन होतो, सिक्कीमच्या उंच भागात. हिवाळ्याचे दिवस. आमच्या ठाण्याला पाच चौक्या वायरलेसने जोडलेल्या. एका संध्याकाळी सेटवर इतकी खरखर यायला लागली, की मी रात्री आठपासून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं ठरवलं. ऑपरेटरला सांगितलं, पाचही चौक्यांना कळव. अर्ध्या तासाने विचारलं, "सबको भेज दिया?" तो म्हणाला, "भेज दिया, साब." मी रजिस्टरमध्ये 'सर्व चौक्यांना कळवले' असं लिहिलं, सही केली आणि झोपायला गेलो.

चार चौक्यांची पोच आली होती, पाचवीची आली नव्हती. ऑपरेटर खोटं बोलला नव्हता. मी 'पाठवलं का' विचारलं, त्याने 'पाठवलं' सांगितलं. 'मिळालं का' हे मी विचारलंच नाही.

त्या रात्री पाचव्या चौकीवर एका जवानाला श्वास घेता येईना. फार उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं, तो प्रकार. अशा माणसाला लवकरात लवकर खाली उतरवावं लागतं. रात्री बर्फातून त्याला उचलून आणण्याइतकी माणसं चौकीवर नव्हती. ते रात्रभर आम्हाला हाका मारत राहिले, जुन्या फ्रिक्वेन्सीवर. तिथे ऐकायला कुणीच नव्हतं. पहाटे दोन जवान चालत खाली आले, तेव्हा आम्हाला कळलं. त्याला खाली आणेपर्यंत दुपार झाली. तो वाचला, पण दोन महिने रुग्णालयात होता.

सीओ साहेबांनी बोलावलं. मी तयारीनेच गेलो होतो, चूक माझी आहे, शिक्षा द्या. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. म्हणाले, "शिक्षेचं नंतर बघू. काल रात्री आठपासून आज दुपारपर्यंत काय काय झालं ते वेळेसकट लिही. मग हे सांग, उद्या तू रजेवर गेलास आणि तुझ्या जागी दुसरा कोणी आला, तर हेच पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचं?"

त्या कागदातून दोन नियम निघाले. एक, प्रत्येक चौकीची पोच नावानिशी नोंदल्याशिवाय बदल पूर्ण झाला असं लिहायचं नाही. दोन, शेवटची पोच येईपर्यंत एक सेट जुन्या फ्रिक्वेन्सीवर ऐकत राहील.

लेक ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, आमच्याकडेही अगदी असंच होतं." तिथून आम्ही दोघांनी जगातली काही मोठी प्रकरणं वाचून काढली. चौकशी झालेली, कागदावर आलेली. त्यातून निघालेल्या पाच सवयी आता सांगतो.

पहिली सवय: बदल कुठे कुठे पोचला ते नावानिशी मोजा

अमेरिकेच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल नावाची मोठी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिचं नवं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं. ते आठ सर्व्हरवर चढवायचं होतं. सातवर चढलं, आठवा राहून गेला. दुसऱ्या माणसाने तपासून पाहावं असा लेखी नियम नव्हता.

त्या आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता. नव्या सॉफ्टवेअरने नेमकी तीच जुनी खूण नव्या कामासाठी वापरली होती. बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर तो जुना कोड जागा झाला. ग्राहकांच्या फक्त २१२ ऑर्डरींपायी सुमारे ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले. कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने चूक दाखवणाऱ्या ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवल्या होत्या, त्यावर कुणी काही केलं नाही. संदेश पाठवला गेला, पोचला नाही. दुसरी गोष्ट, घाईत दुरुस्ती करताना त्यांनी बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरूनच नवा कोड काढून टाकला. त्यामुळे जे एक ठिकाणी बिघडलं होतं ते आठही ठिकाणी बिघडलं.

म्हणून कोड चढवल्यावर प्रत्येक यंत्राला विचारा, तुझ्यावर कोणती आवृत्ती चालू आहे. यादी करा, खूण करा, आणि ती यादी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. माघार कशी घ्यायची हे आधी, शांत डोक्याने लिहून ठेवा. गोळीबार सुरू झाल्यावर माघारीचा रस्ता शोधायचा नसतो. आणि न वापरला जाणारा कोड काढून टाका. पडून राहिलेला दारूगोळा निकामी झाला असं समजू नये.

दुसरी सवय: बॅकअप परत आणून बघा

लेकीला वाटत होतं, अशी चूक करणारी जगात आपण एकटीच. मग तिने गिटलॅबचं प्रकरण वाचलं. ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस पुसायचा म्हणून मुख्य डेटाबेस पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबी माहिती गेली होती.

मग बॅकअप शोधले, तर रोजचा बॅकअप होतच नव्हता. डेटाबेसची आवृत्ती एक आणि बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची दुसरी, म्हणून तो रोज अयशस्वी होत होता. तसं कळवणाऱ्या ईमेल निघत होत्या, पण वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी हाताने काढलेली एक प्रत उपयोगी पडली. सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने मात्र काहीही लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना लोकांना ती थेट पाहू दिली, आणि नंतर सगळी हकीकत प्रसिद्ध केली.

फौजेत राखीव जनरेटर नुसता झाकून ठेवत नाहीत. ठरल्या दिवशी चालू करून, लोड देऊन बघतात. बॅकअपचंही तसंच. 'बॅकअप घेतला' हे 'संदेश पाठवला' याच्यासारखं आहे. महिन्यातून एकदा तो रिकाम्या यंत्रावर परत उभा करा, नोंदी मोजा, किती वेळ लागला ते लिहा. ती त्याची पोच.

यालाच जोडून दोन बारीक सवयी. खऱ्या यंत्रणेच्या खिडकीला लाल रंग द्या, चाचणीच्या खिडकीला हिरवा. आणि पुसण्याची कोणतीही आज्ञा देण्याआधी आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते मोठ्याने वाचा. बाजूला कुणी असेल तर त्याला ऐकवा. पहाऱ्यावरचा जवान दोन तासांनी बदलतात, कारण त्यानंतर डोळे उघडे असूनही दिसेनासं होतं. चौदा तास काम केल्यावर हुशार माणूस हुशार राहत नाही. तेव्हा त्याची सवयच काय ती कामाला येते. सवयही नसेल, तर ते काम सोमवारवर टाका.

तिसरी सवय: सूचना आकड्यांत लिहा

हे प्रकरण आमच्या पेशातलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. १९९१चं आखाती युद्ध. सौदी अरेबियात धाहरान इथे अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. २५ फेब्रुवारीला इराकचं एक स्कड क्षेपणास्त्र सैनिकांच्या बराकीवर पडलं. २८ सैनिक मेले. पेट्रियटने त्याच्यावर मारा केलाच नाही.

कारण काय? यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती. दहा रुपये तिघांत सारखे वाटायला जा, ३.३३३ असे आकडे संपतच नाहीत. संगणक दोनाच्या पटीत मोजतो, त्याच्यासाठी ०.१ हा तसाच न संपणारा आकडा आहे. तो २४ बिटमध्ये बसवला की शेपूट तुटते. तुटलेला भाग अगदी चिमुकला, ०.०००००००९५ सेकंद. पण ती यंत्रणा सलग १०० तास चालू होती. १०० तासांत ३६ लाख दशांश सेकंद. गुणाकार करा, साधारण ०.३४ सेकंद येतं. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त जातं. म्हणजे रडार अर्ध्या किलोमीटरहून अधिक चुकीच्या जागी बघत होतं.

आता खरी गोष्ट ऐका. ही चूक आधीच माहीत होती. इस्रायलने दोन आठवड्यांपूर्वी कळवलं होतं, सलग आठ तास चालवल्यावर अचूकता कमी होते. सुधारित सॉफ्टवेअर १६ तारखेला तयार झालं होतं. २१ तारखेला तुकड्यांना एक संदेशही गेला, फार जास्त वेळ चालवल्यास अडचण येऊ शकते. पण 'फार जास्त वेळ' म्हणजे किती, ते त्यात लिहिलंच नव्हतं. आठ तास, की आठ दिवस? यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती तर घड्याळ परत शून्यावर आलं असतं. त्याला दीडएक मिनिट पुरलं असतं. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला. एक दिवस उशिरा.

मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ काही बोललो नाही. मला ती पाचवी चौकी आठवत होती.

तुमच्यासाठी यात दोन धडे आहेत. पहिला तांत्रिक. आजही बऱ्याच भाषांत संगणकाला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगा, बरोबर ०.३ येत नाही, शेवटी कुठेतरी ४ डोकावतो. म्हणून पैशांचा हिशेब अपूर्णांकात ठेवू नका, पैशांत, पूर्ण आकड्यात ठेवा. दुसरा धडा लिहिण्याचा. 'सर्व्हर हळू झाला तर बघा' अशी सूचना लिहू नका. 'उत्तराला दोन सेकंदांहून जास्त लागले, तर अमुक पायरी करा, दहा मिनिटांत फरक पडला नाही तर अमुक माणसाला उठवा' असं लिहा. रात्री तीन वाजता, पहिल्यांदाच ते वाचणाऱ्या नव्या मुलाला समजलं पाहिजे. कोड जमा करताना जी टिपण लिहिता तिच्यातही 'बदल केला' लिहून भागत नाही. बदल काय ते कोडमध्ये दिसतंच. का केला, ते लिहा.

चौथी सवय: जुनं चाललं म्हणून नव्या जागी चालेल असं धरू नका

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं नवं एरियन-५ रॉकेट पहिल्यांदा उडालं. चाळीस सेकंदांच्या आत वाट सोडून फुटलं. चार वैज्ञानिक उपग्रह गेले.

दिशा ठरवणाऱ्या संगणकातला कोड जुन्या एरियन-४मधून जसाच्या तसा घेतला होता. तिथे तो उत्तम चालला होता. त्यात एक मोठा आकडा १६ बिटच्या छोट्या डब्यात घातला जायचा. त्या डब्यात ३२,७६७च्या वर मावत नाही. एरियन-४चा आडवा वेग कमी, त्यामुळे तिथे आकडा कधी तिथवर गेलाच नाही. एरियन-५ जास्त वेगवान. आकडा मावला नाही आणि संगणक बंद पडला. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यातही तोच कोड. तोही त्याच कारणाने बंद पडला. आणखी एक गोष्ट. गणिताच्या त्या भागाचं उड्डाणानंतर काही कामच नव्हतं. तरीही तो चालू ठेवला होता.

वाळवंटात वर्षानुवर्षं धावलेली गाडी आपण बर्फात नेली, आणि ती चालू झाली नाही, तर गाडीला नावं ठेवून काय उपयोग? नवा मुलूख असेल तर तयारी नवी. जुना कोड, तयार लायब्ररी, आणि आता तर यंत्राने लिहून दिलेला कोडही, आपल्या कामात घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा कोणत्या परिस्थितीसाठी लिहिला होता? त्यात काय गृहीत धरलं आहे? ते इथे खरं आहे का? उत्तर कोडच्या शेजारी लिहून ठेवा. आणि दोन राखीव गोष्टी हुबेहूब सारख्या असतील, तर एकाच चुकीने दोन्ही जातात, हे विसरू नका.

पाचवी सवय: चूक झाली की आधी तोंड उघडा

ही सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी ठेवली.

माझ्या लेकीचा पहिला विचार होता, 'सकाळपर्यंत मीच जुळवते.' ती खोटारडी नाही. ती घाबरली होती. घाबरलेला माणूस एकटा दुरुस्तीला लागला, की सात चांगल्या सर्व्हरवरचाही कोड काढून टाकतो. म्हणून नियम असा करा: चूक लक्षात आल्यापासून पाच मिनिटांत एका माणसाला कळवायचं. कळवताना तीनच वाक्यं. काय झालं, किती वाजता झालं, आत्ता मी कशाला हात लावलेला नाही. सफाई नंतर.

आता वरिष्ठ मंडळींना सांगतो. तुमच्या माणसाने पाच मिनिटांत कळवावं असं वाटत असेल, तर गेल्या वेळी कळवणाऱ्याचं तुम्ही काय केलं होतं, ते आठवा. तो वरडून घेऊन गेला असेल, तर पुढचा लपवणारच. सीओ साहेबांनी मला कोरा कागद दिला, म्हणून मी पुढची सगळी नोकरी चुका लपवल्याशिवाय करू शकलो. जबाबदारी माझीच होती आणि मला ती बोचणी अजूनही आहे. पण त्या कागदामुळे माझ्यानंतर आलेल्या कॅप्टनची एकही चौकी तशी एकटी पडली नाही.

घटना शमली की दोन दिवसांत सगळे बसा. वेळेसकट लिहा. 'कोणी केलं' याऐवजी 'हे करणं इतकं सोपं कसं होतं' असं विचारा. दोन खिडक्या एकाच रंगाच्या का होत्या? रिकामा बॅकअप दीड वर्ष कुणाला का दिसला नाही? अशा प्रत्येक प्रश्नासमोर एक काम, एक नाव आणि एक तारीख लिहा. पुढच्या बैठकीत आधी तीच यादी काढा.

लेकीने राजीनामा दिला नाही. त्या कंपनीत आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बॅकअप परत उभा करून बघतात. ते काम तिने स्वतः मागून घेतलं आहे. पहिल्या तीनपैकी एका वेळी तो उभा राहिला नाही, आणि कुणाचंही नुकसान न होता ते कळलं.

परवा तिचा फोन आला. तिच्या गटात नव्याने आलेल्या मुलाने रात्री दहाला तिला उठवलं होतं. त्याच्याकडून खऱ्या यंत्रणेवर काहीतरी चुकलं होतं. मी विचारलं, "किती वेळाने सांगितलं त्याने?"

"चार मिनिटांनी, बाबा."

मी म्हटलं, "मग त्याला शाबासकी दे. आणि एक कोरा कागद दे."

तुम्हीही उद्या कामावर गेलात की सगळ्या पाच सवयी एकदम लावायला जाऊ नका. एकच करा. तुमचा बॅकअप शेवटचा कधी कुणी उघडून पाहिला, ते विचारा. उत्तराची पोच मिळेपर्यंत विचारत राहा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.